केसपेपरावरील रिकामा रकाना

रोगाचे निदान करणाऱ्या संगणकांची चर्चा अलीकडे आपल्याकडे बरीच ऐकू येते. छातीचा क्ष-किरण फोटो वाचणारी, डोळ्याच्या पडद्यावरून मधुमेहाचा दुष्परिणाम ओळखणारी, सांगितलेल्या लक्षणांवरून चार-पाच संभाव्य रोगांची यादी पुढे ठेवणारी साधने प्रयोगशाळेबाहेर पडून रुग्णालयांत आली आहेत. वैद्यकाचा विद्यार्थी तर त्यांतील काही साधने खिशातल्या फोनवरच बाळगतो. या चर्चेला वळण मात्र बहुधा एकच लागते. यंत्र डॉक्टरहून सरस ठरेल काय, आणि ठरले तर डॉक्टरचे पुढे काय होणार? महाविद्यालयीन वादसभेसाठी विषय उत्तम आहे. परंतु या प्रश्नाचा प्रत्यक्ष रुग्णांवर निकाल लावण्याचा एक गंभीर प्रयत्न पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये झाला होता, आणि त्यातून जे हाती लागले त्याकडे वैद्यकीय शिक्षणाची सूत्रे हाती असलेल्या मंडळींनी अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

हा प्रयोग लीड्स येथील विद्यापीठाच्या शल्यचिकित्सा विभागात एफ. टी. द दोंबाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. विषय निवडला तो अगदी रोजच्या व्यवहारातला, म्हणजे अकस्मात उठणारी तीव्र पोटदुखी. मध्यरात्री पोट धरून आलेला रुग्ण हा कोणत्याही रुग्णालयातील तरुण डॉक्टरची खरी परीक्षा असतो. अपेंडिक्सला सूज आली असेल तर शस्त्रक्रिया लांबवता येत नाही. लांबवली आणि अपेंडिक्स फुटले, तर पू पोटात पसरून जिवावर बेतते. उलट, घाईने पोट उघडावे आणि आत सारे निरोगी आढळावे, हेही काही थोडे वाईट नाही. भूल, टाके, आठवडाभर खाट आणि घरच्यांचा जीव टांगणीला, हे सारे निष्कारण. त्या काळी पोटाच्या आत डोकावणारी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन अशा प्रसंगी हाताशी नव्हती. रुग्णाचे बोलणे, डॉक्टरचा हात आणि अनुभव यांवरच सारी भिस्त होती.

द दोंबाल यांनी तीव्र पोटदुखीची सात प्रमुख कारणे ठरवून घेतली. अपेंडिसायटिस, पित्ताशयाचा दाह, स्वादुपिंडाचा दाह, लहान आतड्यातील अडथळा, फुटलेला अल्सर, मोठ्या आतड्यातील पिशव्यांचा दाह, आणि सातवे म्हणजे काही निश्चित कारण न सापडता आपोआप शमणारे दुखणे. पूर्वी आलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून, यांपैकी कोणत्या रोगात कोणते लक्षण शेकडा किती जणांत आढळले, याचे कोष्टक त्यांनी बनवले. हे कोष्टक संगणकात घातले. नवा रुग्ण आला की त्याची लक्षणे यंत्राला कळवायची, आणि यंत्राने प्रत्येक रोगाची शक्यता आकड्यात सांगायची, अशी ती रचना होती.

यामागील गणित काही गूढ नाही. ते अठराव्या शतकातील टॉमस बेज नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे असून त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेतल्या मुलालाही ते समजावे, म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पोटदुखीचे १,००० रुग्ण आले आणि त्यांपैकी ३०० जणांना अपेंडिसायटिस आहे. दुखणे बेंबीशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकले, हे लक्षण या ३०० पैकी १८० जणांत आहे, आणि उरलेल्या ७०० पैकी ७० जणांत. म्हणजे हे लक्षण सांगणारे एकूण २५० झाले व त्यांतील १८० खरोखरच अपेंडिसायटिसचे. रुग्णाने तोंड उघडण्यापूर्वी शेकडा ३० असलेली शक्यता त्याच्या एका वाक्याने शेकडा ७२ वर गेली. मग दुसरे लक्षण घ्यायचे, तिसरे घ्यायचे. अनुभवी वैद्याच्या मनात हेच चालते, फक्त त्याला आकडे ठाऊक नसतात.

१९७२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ओळीने आलेल्या ३०४ रुग्णांत यंत्राचे निदान शेकडा ९१.८ वेळा बरोबर ठरले. त्याच रुग्णांना तपासणाऱ्या सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे निदान शेकडा ७९.६ वेळा बरोबर होते. यंत्राने डॉक्टरवर मात केली, असा त्याचा अर्थ लावणे सोपे होते, आणि या प्रयोगाचा उल्लेख आजही बहुधा तेवढ्याचपुरता होतो. पण द दोंबाल यांच्या गटाने आणखी दोन गोष्टी तपासून पाहिल्या. या प्रयोगाचे खरे मोल त्या दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट अशी. रुग्णांच्या नोंदींवरून कोष्टक करण्याचे काम कंटाळवाणे आणि वेळखाऊ असते. त्यापेक्षा अनुभवी डॉक्टरांनाच विचारावे, की या रोगात हे लक्षण शेकडा किती वेळा दिसते? त्यांनी अंदाजाने दिलेले आकडे त्याच संगणकात घालून पाहिले. गणित तेच, यंत्र तेच. पण निदानाची अचूकता लक्षणीय उतरली. म्हणजे यंत्राच्या अंगी काही स्वतंत्र बुद्धी नव्हती. त्याची सारी सरशी नीट ठेवलेल्या नोंदींतून आली होती. आपल्या व्यवसायात नित्य काय दिसते याविषयी जाणत्या माणसाची स्मृतीदेखील किती दगा देते, हेही त्यातून दिसले. दुर्मिळ आणि नाट्यपूर्ण रुग्ण लक्षात राहतात. सामान्य रुग्ण विस्मरणात जातात. शिक्षकांना हा अनुभव नवा वाटू नये. वर्गातील वांड मुले आपल्याला वीस वर्षांनीही आठवतात, पण वर्गात ती नक्की किती होती, हे हजेरीपट पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट १९७४ च्या लेखात आहे आणि ती अधिक चटका लावणारी आहे. प्रयोग चालू असताना खुद्द डॉक्टरांचे काम कसे होते, हे त्यांनी मोजले. प्रयोगापूर्वी अपेंडिसायटिसच्या रुग्णांपैकी शेकडा ३६ जणांचे अपेंडिक्स शस्त्रक्रियेआधीच फुटत असे. प्रयोगाच्या काळात हे प्रमाण शेकडा ४ वर आले. विनाकारण पोट उघडण्याचे प्रसंगही झपाट्याने कमी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये प्रयोग संपला, आणि हे दोन्ही आकडे पुन्हा पूर्वपदाकडे वळू लागले. एका रुग्णालयातील थोड्या रुग्णांचे हे आकडे आहेत, तेव्हा त्यांच्या दशांशाला चिकटून बसण्यात अर्थ नाही. पण दिशा स्पष्ट होती. रुग्णालय तेच होते आणि शस्त्रक्रियेची साधनेही तीच होती. मग गेले काय?

संशोधकांनी स्वतःच त्याचे उत्तर सुचवले आहे. यंत्राला माहिती पुरवायची म्हणून प्रत्येक डॉक्टरला एक ठरावीक तक्ता भरावा लागे. दुखणे कोठे सुरू झाले, आता कोठे आहे, कशाने वाढते, कशाने कमी होते, उलटी झाली का, भूक आहे का, पूर्वी असे झाले होते का, पोट दाबून एकदम हात उचलला तर कळ येते का, असे सारे विचारावेच लागे. ‘तीव्र’ म्हणजे किती, याची व्याख्या सर्वांना सारखी मान्य करावी लागे. एरवी रात्री दोन वाजता दमलेल्या माणसाच्या तोंडून यांतील चार प्रश्न निघतात आणि सहा राहून जातात. शिवाय, आपण काय निदान केले आणि शेवटी काय निघाले, हे डॉक्टरला सतत कळत राही. यंत्राशी बोलण्यासाठी लागणारी शिस्त आणि आपल्या चुकीची त्वरित मिळणारी वार्ता या दोहोंनी डॉक्टर सुधारला. प्रयोगाबरोबर तक्ता गेला, वार्ताही थांबली, आणि सुधारणा ओसरली.

पुढे हेच काम मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यात आले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ब्रिटनमधील ८ केंद्रे, २५० हून अधिक डॉक्टर आणि १६,७३७ रुग्ण होते. रुग्णाला प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरांचे निदान बरोबर ठरण्याचे प्रमाण शेकडा ४५.६ वरून ६५.३ वर गेले. अपेंडिक्स फुटण्याचे प्रमाण २३.७ वरून ११.५ वर उतरले. अनावश्यक शस्त्रक्रिया जवळजवळ निम्म्या झाल्या आणि मृत्यूंत शेकडा २२ नी घट झाली. २७८ शस्त्रक्रिया आणि ८,५१६ खाट-रात्री वाचल्या, असा हिशेबही मांडण्यात आला. ही तुलना आधीच्या काळाशी नंतरच्या काळाची होती. त्यामुळे यातील वाटा यंत्राचा किती, तक्त्याचा किती आणि आपल्यावर कोणाची नजर आहे या जाणिवेचा किती, हे तिच्यावरून वेगळे काढता येत नाही. माझे मत विचाराल तर, १९७४ च्या लेखाकडे पाहता तक्त्याचा वाटा मोठा असावा.

येथे एक रास्त शंका निघेल. पन्नास वर्षांपूर्वीच्या बोजड संगणकाची गोष्ट आजच्या यंत्रांना कशी लागू पडणार? आजची यंत्रे कोट्यवधी नोंदींवर शिकतात, तेव्हा त्यांना डॉक्टरच्या तक्त्याची मातब्बरी काय? पण यंत्र ज्या नोंदींवर शिकले त्या कोणाच्या आणि कशा, हा प्रश्न नोंदींची संख्या वाढल्याने सुटत नाही. लीड्सचे कोष्टक कोपनहेगनच्या रुग्णांवर वापरून पाहिले, तेव्हाच त्याची अचूकता बरीच खाली आली होती. अगदी अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाचे आहे. जंतुसंसर्ग रक्तात भिनून होणाऱ्या सेप्सिस या जीवघेण्या अवस्थेची आगाऊ सूचना देणारी एक संगणक-प्रणाली तेथील शेकडो रुग्णालयांत वापरात होती. मिशिगनच्या संशोधकांनी ती आपल्या ३८,४५५ दाखल रुग्णनोंदींवर तपासली आणि निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. सेप्सिस झालेल्या २,५५२ प्रकरणांपैकी १,७०९ प्रकरणांत तिने सूचनाच दिली नव्हती. उलट, एकूण दाखल रुग्णांपैकी शेकडा १८ जणांच्या बाबतीत तिने घंटा वाजवली होती. घंटा इतक्यांदा वाजू लागली, की परिचारिका तिच्याकडे लक्ष देईनाशी होते. तिला दोष कसा द्यावा? निर्मात्यांनी सांगितलेली अचूकता या रुग्णालयात का उतरली नाही, हे कळले तेही केवळ रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाचे अखेर काय झाले याची नोंद ठेवली होती म्हणून. ज्या रुग्णालयापाशी अशी नोंद नाही, त्याला यंत्र चुकते की बरोबर सांगते, हे कधीच कळणार नाही. ते फक्त विकत घेईल आणि भिंतीवर लावील.

लीड्सच्या प्रणालीची एक शाखा अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांपर्यंत गेली. पाणबुडीवर डॉक्टर नसतो, प्रशिक्षित वैद्यकीय सहायक असतो. खलाशाच्या पोटात दुखू लागले तर मोहीम सोडून वर यायचे की थांबायचे, हा निर्णय त्याच्या निरीक्षणावर ठरणार. डॉक्टर नाही, अंतर मोठे आणि निर्णय तर आताच घ्यायचा, ही परिस्थिती आपल्याला समुद्राच्या तळाशी शोधायला जायला नको. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्ह्यात ती रोजची होती, आणि तेथे लीड्सचे नावही न घेता त्याच जातीचे काम झाले आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथील ३९ गावांत १९९५-९६ या वर्षी नवजात बालकांचे घरोघर जाऊन निरीक्षण केले. निरीक्षण करणाऱ्या होत्या गावातल्याच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया. जन्मापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी जायचे, ठरलेल्या गोष्टी पाहायच्या आणि छापील कागदावर लिहायच्या, हे त्यांचे काम. अशा ७६३ बालकांची माहिती गोळा झाली. पुढे याच स्त्रियांना उपचार शिकवण्यात आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने शेकडा ६२ नी घटले, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. त्यामानाने कमी गाजलेली गोष्ट अशी, की त्या नोंदींचे विश्लेषण करून २००५ मध्ये एक साधा नियम सांगण्यात आला. रडणे क्षीण होणे, अंगावर पिणे कमी होणे किंवा थांबणे, हातपाय लुळे पडणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे अशा सात खुणांपैकी कोणत्याही दोन एकाच वेळी दिसल्या, तर बाळाला जंतुसंसर्ग समजून उपचार करावेत. त्या माहितीत जंतुसंसर्गाने दगावलेले एकही बालक या नियमातून निसटत नव्हते, आणि निष्कारण उपचारांच्या कक्षेत येणारी बालकेही थोडीच होती.

लीड्सच्या डॉक्टरला कोष्टक यंत्राच्या पोटात ठेवावे लागले. गडचिरोलीत ते दोन बोटांवर मोजता येईल इतके लहान करून स्त्रियांच्या हाती दिले गेले. गणकयंत्राचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. पण दोन्हीकडे आरंभ सारखाच आहे. सारखे प्रश्न, सारख्या व्याख्या, आणि शेवटी काय झाले याची नोंद.

आता आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे वळू. २०१९ पासून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी नवा, कौशल्याधारित अभ्यासक्रम आला. त्यात विद्यार्थ्याने आपल्या कामाची नोंदवही ठेवायची आहे. संख्याशास्त्र जनवैद्यकाच्या विषयात शिकवले जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो आणि त्यासाठी संगणकावर आकडे मांडावे लागतात. शिवाय २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली नागरिकाला चौदा अंकी आरोग्य-क्रमांक मिळू लागला आहे. कागदावर पाहिले तर सारी सामग्री सिद्ध आहे. पण संख्याशास्त्राचा तास आणि रात्रपाळीतला रुग्ण यांची भेट होत नाही. प्रबंधासाठी गोळा केलेले आकडे प्रबंधाबरोबर कपाटात जातात. नोंदवहीत विद्यार्थ्याने काय काय केले ते असते, पण त्याने केलेले निदान खरे ठरले का, हे नसते.

अपघात विभागात रात्री पोटदुखीचा रुग्ण येतो. निवासी डॉक्टर केसपेपरावर दोन ओळी लिहितो, तात्पुरते निदान लिहितो आणि रुग्णाला वर वॉर्डात पाठवतो. तेथून तो दुसऱ्या पथकाच्या हाती जातो. त्याची शस्त्रक्रिया होते किंवा होत नाही. चार दिवसांनी तो डिस्चार्ज कार्ड घेऊन गावी जातो आणि केसपेपर नोंदणी विभागाच्या गठ्ठ्यात बांधला जातो. ज्याने पहिले निदान केले त्याला त्याचे पुढे काय झाले, हे योगायोगाने कळले तरच कळते. तीन वर्षे अशी काढून तो तज्ज्ञ म्हणून बाहेर पडतो. त्याने हजारो रुग्ण पाहिलेले असतात हे खरे, पण त्यांपैकी कितींच्या बाबतीत त्याचा होरा बरोबर होता, हे त्याला विचारले तर तो अंदाजच सांगणार. अंदाजाचे मोल लीड्सने दाखवलेच आहे.

गर्दीत हे कोणाला जमणार, असे विचारले जाईल, आणि हा आक्षेप खोटा नाही. इंग्लंडातील रुग्णालय आणि आपल्या जिल्ह्याच्या गावचे शासकीय रुग्णालय यांची तुलना कोणीही करू नये. प्रत्येक रुग्णाचा चार पानी तक्ता भरा, असे फर्मान काढले तर तक्ते भरले जातील खरे, पण ते शेवटच्या दिवशी एकाच शाईने एकाच हाताने भरलेले असतील. शासकीय कचेरीत काम केलेल्या वाचकाला याचे अधिक विवरण नको. म्हणून आरंभ लहान हवा. एका विभागाने एक दुखणे निवडावे. पोटदुखी घ्या, सर्पदंश घ्या, लहान मुलांचा ताप घ्या. एक पानी कागद, पंधरा प्रश्न, आणि खाली ‘अखेरचे निदान’ हा एक रकाना. वरचे पंधरा प्रश्न डॉक्टर भरील. शेवटचा रकाना भरण्यासाठी मात्र कोणीतरी वॉर्डातून, शस्त्रक्रियागृहातून किंवा रुग्णाच्या घरी फोन करून माहिती आणली पाहिजे. हे काम डॉक्टरचे नाही. नोंदणी विभागातील लिपिकाचे ते आहे, आणि नेमकी हीच जागा रुग्णालयात सर्वांत दुर्लक्षित असते. लाखो रुपयांची प्रणाली घेताना तिच्या जोडीला एक लिपिक हवा, ही मागणी कोणत्या प्रस्तावात केलेली असते? त्या लिपिकाला रुग्णाचे नाव गुप्त ठेवण्याचे आणि संज्ञा एकसारख्या लिहिण्याचे शिक्षण द्यावे लागेल. त्याला आठवड्यात जे शिकवता येईल, ते तज्ज्ञाच्या चष्म्यातून पाहिले तर किरकोळ वाटेल. पण सारा पुढचा हिशेब त्यावर उभा आहे.

कागद जमले, की महिन्यातून एकदा विभागाने ते टेबलावर मांडावेत. पहिले निदान डावीकडे, अखेरचे उजवीकडे. साध्या संगणकावरील कोष्टक-प्रणाली त्यासाठी पुरते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ते काम करील, आणि ते करता करता बेजचे गणित त्याला पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर समजेल. या सभेत प्राध्यापकांनी स्वतःच्या निदानांचेही कागद ठेवावेत, नाहीतर ती कनिष्ठांना धारेवर धरण्याची आणखी एक जागा होईल आणि पुढच्या महिन्यापासून सारी निदाने बरोबर निघू लागतील. बाहेरचे एखादे निदानयंत्र घ्यायचे झाले, तर तेही याच कागदांवर आधी चालवून पाहता येईल. पहिल्या सभेला तीस-चाळीस कागद पुरेसे आहेत.